नाचणीने जे होत नाही

महाडच्या बाजारपेठेत माझं खरं नाव विचारलंत तर चार दुकानं फिरूनही पत्ता लागायचा नाही. ‘नाचणीवाल्या बाई कुठे बसतात?’ असं विचारा, रिक्षावाला थेट दवाखान्याच्या पायरीशी आणून सोडील. मुंबईत आहारशास्त्र शिकले, लग्न होऊन इथे आले, आणि उभी हयात एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या खोलीत, बायकांना काय खावं ते सांगण्यात गेली. आठवड्यातला एक दिवस पोलादपूरला. एवढं करून लोकांनी दिलेली पदवी ही. सुरुवातीला राग यायचा. आता मागून कुणी ‘मॅडम’ अशी हाक मारली तर दुसऱ्याच कुणाला तरी मारली असेल असं समजून मी चालत राहते.

अंकासाठी लेख मागितला तेव्हा मी संपादकांना म्हटलं, अहो, दिवाळीच्या अंकात आहारवाली बाई म्हणजे चकलीच्या डब्यात काडेकिराईत. ते म्हणाले, उपदेश नको, माणसं लिहा. उपदेश अजिबात टाळणं मला जमेलसं वाटत नाही. जन्मभराची खोड आहे. पण माणसं लिहिते.

लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे हे खाऊ नका, ते खाऊ नका असं सांगणं. खरं काम त्याच्या आधीचं. समोरची बाई नक्की काय खाते ते शोधून काढायचं, आणि ते तिलाच ठाऊक नसतं. ‘काल काय जेवलात?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘काय नाय, नेहमीचंच.’ या प्रश्नावर मी बरंच डोकं आपटून घेतलं. मग एकदा सहज विचारलं, ‘काल काय रांधलंत?’ आणि त्या बाईचा चेहराच फुलला. सासऱ्यांना तिखट सोसत नाही म्हणून त्यांचं कालवण वेगळं, पोराच्या डब्याला चपाती आणि बटाटा, नवऱ्याला कारखान्याच्या पाळीवर जायचं म्हणून भाकरी लवकर, सगळं घडाघडा बोलली. दुसरा प्रश्न, ‘शेवटी कोण बसलं?’ तिसरा, ‘तेव्हा टोपात काय उरलं होतं?’ या तिसऱ्याचं जे उत्तर येतं, तो त्या बाईचा आहार. मी आजही याच तीन प्रश्नांवर धंदा करते.

त्यातही काही गोष्टी मोजायच्याच नसतात असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. चहा मोजत नाहीत. सुकट मोजत नाहीत. ‘सुकट काय खाणं हाय काय बाई? ती तोंडी लावायला!’ वास्तविक ती इवलीशी वाळवलेली कोळंबी सालीसकट पोटात जाते, म्हणजे कॅल्शियम सगळं आत. पण तिला मान नाही. मान डब्यातल्या पावडरला आणि बाटलीतल्या गोळीला.

गोळ्यांवरून आठवल्या रुकय्याभाभी. महाडातलं मोठं कुटुंब, यजमान कुवेतला. एकदा त्या आल्या आणि कापडी पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. बाटल्याच बाटल्या. लोह, जस्त, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सगळी खनिजं हजर. एका बाटलीवर घोड्याचं चित्र होतं, ती नक्की कुणासाठी होती देव जाणे.

‘ताई, ह्यातली कुठली चांगली?’

‘तुम्ही कुठली घेता?’

‘सगळ्या! एवढ्या लांबून पाठवल्यात त्यांनी. टाकून थोड्याच द्यायच्या?’

आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, रोज सकाळी मळमळतं, उलट्या होतात. नणंदेनं तर मोहल्ल्यात बातमी फोडलीसुद्धा. मोठ्या मुलीचं लग्न ठरलेलं आणि आईला उलट्या! बिचाऱ्या शरमेनं अर्ध्या झाल्या होत्या. तपासणीत काहीच निघालं नाही. त्या सकाळी उठून रिकाम्या पोटी जस्ताची गोळी घेत होत्या, आणि ती रिकाम्या पोटी घेतली की कुणालाही मळमळतं. हे कळल्यावर त्या इतक्या हसल्या की बाहेर बसलेल्या बायका डोकावून बघायला लागल्या. ‘म्हणजे बाळ नाही, बाटली आहे!’ लोह तर तीन बाटल्यांतून जात होतं. रक्त तपासलं तर त्यांना त्याची मुळीच गरज नव्हती. त्या दिवसापासून मोहल्ल्यात कुणालाही परदेशातून बाटली आली की ती आधी माझ्याकडे येते, मग पोटात जाते.

हे हसण्यासारखं झालं. पण मला लिहायचंय ते सुवर्णाबद्दल.

शिवथरच्या बाजूला डोंगराच्या पोटात एक वाडी आहे, तिथली ही सून. पंचविशीतली, सडपातळ, ओठ पांढरेफटक. नवरा दीपक इथल्या कारखान्यात पाळीनं कामाला. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नाही म्हणून दवाखान्यात आणलेली. सोबत सासू, पार्वतीबाई. ताठ कण्याची, मोजकं बोलणारी बाई. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली, आणि सांगितलं की एका अंडाशयावर जुन्या रक्तानं भरलेली मोठी गाठ आहे. हा एंडोमेट्रिओसिस.

नाव लांबलचक आहे, पण गोष्ट समजायला कठीण नाही. गर्भाशयाच्या आत दर महिन्याला एक अस्तर तयार होतं आणि पाळीत गळून जातं. काहीजणींच्या पोटात तसंच अस्तर गर्भाशयाच्या बाहेर उगवतं, अंडाशयावर, आतड्याच्या बाजूला, कुठेही. तेही दर महिन्याला सुजतं, त्यातूनही रक्त सुटतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग ते आतल्या आत साचतं, आसपासचे अवयव एकमेकांना चिकटतात, आणि बाईला पाळीत, परसाकडला जाताना, नवऱ्याजवळ असताना, जीव नकोसा होईल असं दुखतं. बाहेरून काही दिसत नाही. त्यामुळे ‘सगळ्यांनाच दुखतं’ या एका वाक्यात तिची बोळवण होते.

गाठ मोठी होती, मूलही हवं होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी पुण्याला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून घ्यायचा सल्ला दिला. उशीर केला तर ते अंडाशय हाती लागणार नाही, हेही स्पष्ट बजावलं. अडचण एकच. अंगावरून इतकं जायचं की पोरीचं हिमोग्लोबिन सातच्याही खाली आलेलं. एवढ्या कमी रक्तावर भूल द्यायला कोण तयार होणार? ‘आधी हिचं रक्त वाढवा,’ असं म्हणून त्यांनी तिला जिन्याखाली माझ्याकडे पाठवलं.

या आजारात लोहाची मोठी गंमत आहे. पोटात जिथे रक्त साचतं तिथे त्यातलं लोह साठून राहतं आणि आजूबाजूला चुरचुर लावतं, सूज वाढवतं. आणि त्याच बाईच्या रक्तात मात्र लोहाचा दुष्काळ. सावित्री नदीच्या पुरात घरात छातीभर पाणी आणि प्यायला घोटभर नाही, असे दिवस ज्यांनी काढले त्या महाडकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच लोहाच्या गोळ्या रक्त तपासून, डॉक्टर सांगतील तेवढ्याच घ्यायच्या. रुकय्याभाभींसारखं तीन बाटल्यांतून नाही. मॅग्नेशियमनं स्नायू सैलावतात, त्यामुळे काहीजणींचे पेटके थोडे हलके होतात. ते नाचणीत आहे, तिळात आहे, शेंगदाण्यात आहे. जस्त सूज आवरायला मदत करतं म्हणतात. खाडीकाठच्या तुडीलसारख्या गावांना कालवं, म्हणजे खडकावरच्या शिंपल्यांतलं मांस, मिळतात, त्यांत ते भरपूर. डोंगरात तीळ आणि कडधान्यं. मी ‘म्हणतात’ असं लिहिलं ते मुद्दाम. या खनिजांवर संशोधन चाललंय, पण यातल्या एकानंही गाठ विरघळते असं कुणी शहाण्या माणसानं सांगितलेलं नाही. मोबाइलवर सांगतात ते वेगळे.

मी सुवर्णाला माझे तीन प्रश्न विचारले. ती हळू आवाजात, नीट उत्तरं देत होती. रांधणं, वाढणं, शेवटी बसणं. मग मी म्हटलं, ‘आणि पाळीत?’

‘तेव्हा मी चुलीजवळ नसते ना. बाजूला असते. मागच्या पडवीत.’

‘मग तेव्हा काय खातेस?’

तिनं सासूकडे बघितलं. पार्वतीबाई म्हणाल्या, ‘पेजभात देते ना मी. त्या दिवसांत मासळी नाय, तीळ नाय, नाचणी नाय. गरम पडतं, आणखीन जातं अंगावरनं. ह्या लाल गोळ्या पण बंद ठेवते तेव्हा. गरम असतात.’

‘आणि एरवी गोळी कशाबरोबर देता?’

‘दुधाबरोबर,’ पार्वतीबाई अभिमानानं म्हणाल्या. ‘कमी कशाला करू सुनेला?’

आता काय बोलणार? लोहाची गोळी दुधाबरोबर घेतली की त्यातलं बरंचसं लोह अंगी लागत नाही. चहाबरोबर तर त्याहून नाही. आमच्याकडे ज्या घरात सुनेवर माया असते तिथे गोळी दुधाबरोबर जाते, आणि जिथे नसते तिथे चहाबरोबर. लोहाच्या दृष्टीनं दोन्ही घरं सारखीच. मी सांगितलं, गोळी लिंबूपाण्याबरोबर द्या. कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळेला. शी काळी होईल, घाबरू नका. पोट साफ राहायला हवं, बद्धकोष्ठ झालं तर हिचं दुखणं वाढेल, म्हणून पालेभाजी आणि पाणी भरपूर. नाचणीला मोड आणा, वाळवा, दळा. आणि त्या चार दिवसांत तर सगळं द्या, कारण तेव्हाच तिच्या अंगातून जातंय.

पार्वतीबाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, घरी जाऊन पुन्हा पेजभात. पण बाईनं माझा अंदाज साफ चुकवला. पुढच्या खेपेला सुवर्णा सांगत आली, आई पहाटे उठून नाचणी भिजवतात, फडक्यात बांधतात, मोड आले की उन्हात घालतात आणि कोंबड्यांवर राखण करत बसतात. गोळीची वेळ झाली की शेतातून हाक येते. पडवीतल्या दिवसांत लांबून का होईना, पण ताटात सुकट आणि भाकरी सरकवली जाते. महिन्यामागून महिना हिमोग्लोबिन चढत गेलं. ओठांना रंग आला. चढ चढताना लागणारी धाप थांबली. ते अकराच्या वर गेलं त्या दिवशी डॉक्टरीणबाई खूष, मी खूष. पुण्याची तारीख मिळाली.

आणि दीपकचा फोन आला. ‘मॅडम, पुण्याचं राहू द्या. ती बरी झाली.’

‘कोण म्हणालं?’

‘आई म्हणते. ती स्वतः पण म्हणते. बरं वाटतंय म्हणते. मग पोट कशाला फाडायचं? तुमच्या नाचणीनं काम केलं. वाडीतल्या अजून दोघी यायच्या म्हणतात तुमच्याकडे.’

आयुष्यभर मी बायकांच्या मागे लागत आले की बायांनो, खाण्यावर विश्वास ठेवा. कुणी ठेवत नव्हतं. आणि जेव्हा एका घरानं ठेवला तेव्हा तो इतका ठेवला की शस्त्रक्रियाच रद्द! हसावं की रडावं ते कळेना. मी त्याला सांगितलं, रक्त वाढलंय, गाठ तशीच आहे. तो म्हणाला, आईशी बोलतो. त्या ‘बोलतो’चा अर्थ मला चांगला ठाऊक आहे.

सुवर्णा त्यानंतर गोळ्या न्यायला एकटीच आली. मी दार लावून घेतलं. म्हटलं, ‘खरं सांग. दुखणं कमी झालंय?’

तिनं गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरली. मग म्हणाली, ‘ताकद आली बाई. पायात गोळे यायचे ते कमी झाले. पण पोटाचं तसंच हाय. जास्तच हाय.’

‘मग घरी बरं वाटतं असं का सांगतेस गो?’

‘आई पहाटे उठतात माझ्यासाठी. चार बायकांना सांगतात, मी बरी केली सुनेला. त्यांना कसं सांगू, नाय झाले म्हणून?’ आणि मग ती रडायला लागली. ‘माझ्यासाठी कुणी कदी एवढं केलं नाय.’

मला तिची दया आली, आणि रागही आला. राग नक्की कुणाचा ते मला आजही सांगता येणार नाही. सून सासूच्या प्रेमापोटी खोटं बोलतेय आणि तिकडे अंडाशय जातंय. छळणारी सासू असती तर मी भांडले असते. या सासूशी काय भांडू?

मी तिला विचारलं, ‘त्या दिवसांत तुला कुणी बघत नाही?’

‘पडवीत कोण येतंय? दार लोटलेलं असतं. पडलेली असले तर बाजूला हाय म्हणून पडली, असंच वाटतं सगळ्यांना.’

म्हणजे बाजूला बसवायची रीतच त्या दुखण्याचा पडदा झाली होती. घरात फिरती असती तर पोळी लाटताना खाली बसली असती, कळशी टाकून दिली असती, कुणीतरी विचारलं असतं. इथे चार दिवस दार लोटलेलं, आणि पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन हसतमुखानं बाहेर.

मी तिच्या पुढच्या पाळीची तारीख विचारून घेतली आणि त्या सुमारास सकाळच्या एसटीनं वाडीवर गेले. डॉक्टरीणबाईंना सांगून गेले. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही भांडू नका फक्त.’ मला ओळखतात त्या.

पार्वतीबाई अंगणातच होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. हात धरून घरात नेलं, सुपात वाळत घातलेली मोडाची नाचणी दाखवली. ‘बगा बाई, तुमची नाचणी. आता मी सगळ्या वाडीला शिकवली.’ मोड इतके सारखे आणि पांढरेशुभ्र आले होते की मला स्वतःला तसे कधी जमले नाहीत. त्यांनी भाकरी टाकली, सुकटीची चटणी वाढली. मी खाल्ली. आले होते वेगळ्याच कामाला, पण खाल्ली, कारण त्या समोर बसून वाढत होत्या. मग विचारलं, ‘सुवर्णा कुठाय?’

‘बाजूला हाय. कालपासनं.’

मी उठले, स्वयंपाकघर ओलांडलं आणि मागचं दार ढकललं.

गोणपाटावर ती गुडघे छातीशी घेऊन पडली होती. गरम पाण्याचा तांब्या पोटाशी दाबलेला. तोंडात पदराचा बोळा. मला बघितलं आणि बोळा काढून हसायचा प्रयत्न केला. ते हसू मला बघवलं नाही. शेजारी ताट होतं, भाकरी-सुकट तशीच.

‘मावशी, इकडे या,’ मी हाक मारली.

‘मी नाय येत तिकडं बाई. आज देवाला निवद हाय.’

‘देवाचं मी बघते. तुम्ही या.’ भांडायचं नाही असं ठरवून गेले होते, पण माझा आवाज चढलाच.

त्या आल्या. उंबऱ्याशी थांबल्या. मी सुवर्णाजवळ बसले, तिच्या पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं कडक. मी काही समजावून सांगितलं नाही. पार्वतीबाई उंबऱ्याच्या पलीकडून बघत राहिल्या. तेवढ्यात एक कळ आली आणि सुवर्णानं पदर पुन्हा तोंडात कोंबला. तिच्या घशातून नुसता घरघरल्यासारखा आवाज आला.

‘हिला एवढं दुखतं?’ पार्वतीबाई मला विचारत होत्या.

‘दर महिन्याला.’

‘मग बोलली का नाय गो?’ आता त्या सुनेला विचारत होत्या.

कळ ओसरल्यावर सुवर्णा म्हणाली, ‘तुमी पहाटे उठता आई. कसं बोलू?’

पार्वतीबाई उंबरा ओलांडून आत आल्या. सुनेच्या पाठीशी बसल्या आणि दोन्ही अंगठे तिच्या कमरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर, रोवून दाबायला लागल्या. मी या धंद्यात इतकी वर्षं आहे, पण तो हात इतका नेमका पडेल असं मला वाटलं नव्हतं. सुवर्णाचा श्वास हळूहळू खाली बसला. त्या दाबतच राहिल्या. मधे एकदाच बोलल्या, माझ्याकडे न बघता.

‘नाचणीनं ह्यातलं काय जाणार नाय ना?’

‘नाही मावशी. नाचणीनं हिच्या अंगात रक्त आलं. तुमच्यामुळे आलं. आता हिला भूल देता येईल. तुम्ही केलं नसतं तर डॉक्टरांनी हिला टेबलावर घेतलीच नसती. पण ही गाठ खाण्यानं जाणारी नाही.’

हे वाक्य बोलताना मला किती जड गेलं ते मीच जाणे. नाचणीवाली बाई होते ना मी! पण खोटं कसं सांगायचं?

‘दीपकला फोन लावा,’ त्या म्हणाल्या. ‘सांगा, आई म्हणते पुण्याला न्यायची.’

नैवेद्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. मी निघाले तेव्हाही त्या पडवीतच होत्या.

शस्त्रक्रिया झाली. गाठ काढली, चिकटलेलं सोडवलं, अंडाशय राखता आलं. हा आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, तपासण्या चालू ठेवाव्या लागतील, मूल होईलच अशी हमी कुणी देत नाही, हे सगळं डॉक्टरीणबाईंनी न लपवता सांगितलं. दीपक खाली मान घालून ऐकत होता. गोळ्या, सुकट, नाचणी, हेही चालूच राहणार होतं. त्या खाण्याचं काम होतंच. जे त्यानं होत नाही, तेवढ्याची आशा त्याच्याकडून धरायची नव्हती.

पुण्याहून परतल्यावर त्या दोघी सासू-सून टाके दाखवायला आल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मलाही वर बोलावलं. दुर्बिणीतून घेतलेले फोटो पडद्यावर लावले होते. हे गर्भाशय, हे आतडं त्याला चिकटलेलं, हे काळपट डाग दिसतात ना, त्यातला एकेक दर महिन्याला दुखत होता. सुवर्णानं बघून मान फिरवली. पार्वतीबाई मात्र खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

‘हे असं असतं आत?’

‘हो.’

‘म्हंजे खरं असतं हे. दिसतं.’

‘दिसतं तर. तुमच्या समोर आहे,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

‘दीपकच्या आदी मी पण तशीच पडायची पडवीत. त्याच्यानंतर पण. दुसरं काय झालं नाय मला मूल. माझ्यात पण हेच असंल काय बाई?’

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. ‘असू शकेल. आता सांगता येत नाही, मावशी. पाळी थांबली की बहुतेकींचं दुखणं थांबतं. तुमचं थांबलं ना?’

‘थांबलं.’

पार्वतीबाईंनी पडद्यावरच्या त्या काळ्या डागाला बोट लावलं, आणि लगेच काढून घेतलं.

‘माझी सासू म्हणायची, पार्वती सोंग करते. कामाला नको म्हणून पडते. मरेपर्यंत तेच म्हणाली.’ त्या सुवर्णाकडे बघत होत्या. ‘मी पण काय बोलायची नाय. शेवटी शेवटी तर मलाच वाटायला लागलं गो, मी सोंगच करते.’